एकाच भुलीत दोन छोटी ऑपरेशने : ठरवण्यापासून डिस्चार्जपर्यंत

हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरातले कोणीतरी हमखास विचारते, "भूल देणारच आहेत, तर दुसरं ते राहिलेलं कामही त्याच वेळी उरकता येणार नाही का?" प्रश्न रास्त आहे, आणि बऱ्याचदा उत्तर 'येईल' असेच असते. पण दोन सर्जन, एक भूलतज्ज्ञ आणि एक थिएटर यांचा मेळ बसवावा लागतो. हा मेळ आपोआप बसत नाही. निरोप इकडून तिकडे नेण्याचे काम बहुतेक वेळा पेशंटच्या किंवा मुलाच्या आईवडिलांच्याच गळ्यात पडते. ते कसे करायचे, कुठे अडते आणि कुठे नाद सोडून द्यावा, ते पाहू.

दुसऱ्या ऑपरेशनला पूर्ण भूल मुळात लागणार होती का?

सगळा निर्णय या प्रश्नावर उभा आहे. पूर्ण भुलीत सर्वांत सांभाळून राहण्याचे दोन टप्पे असतात : झोपवताना आणि उठवताना. श्वासाची नळी घालणे-काढणे, पोटातले उलटून श्वासनळीत जाण्याचा धोका, घशाची अचानक होणारी आकडी, रक्तदाबाची चढउतार, हे बरेचसे त्याच मिनिटांत घडते. दोन ऑपरेशने दोन वेगळ्या दिवशी केली तर हे टप्पे दोनदा येतात, एकत्र केली तर एकदाच. एकत्र करण्यातला खरा फायदा एवढाच आहे. एक सुट्टी वाचते, एकदाच उपाशी राहावे लागते, हे सगळे त्याच्या मागून.

आता समजा, दुसरे काम म्हणजे दंडावरची दोन सेंटीमीटरची चरबीची गाठ आहे. ती जागेवर सुन्न करून ओपीडीतही निघते. ती पूर्ण भुलीला जोडली तर एकही भूल वाचत नाही, उलट आहे त्या भुलीची वेळ वाढते. वीस मिनिटे वाढल्याने निरोगी माणसाला फारसे बिघडत नाही, म्हणून सर्जन 'काढून टाकू' म्हणतीलही. पण फायदा झाला असे समजू नका. तो सोयीचा भाग आहे.

लहान मुले, स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेली माणसे आणि सुईची पराकोटीची भीती असलेले लोक यांच्याबाबत गणित नेमके उलटे होते. त्यांना साधी दाताची पोकळी भरायलाही भूल लागते. अशा वेळी भूल ही संधी समजून राहिलेली सगळी कामे गोळा करावीत : रक्ताचे नमुने, कानातला घट्ट मळ, बेरा नावाची ऐकण्याची तपासणी, डोळ्यांची आतून तपासणी, अगदी वाढलेली नखेसुद्धा. ही यादी घरूनच लिहून न्या. थिएटरबाहेर उभे राहून ऐनवेळी आठवलेले काम होत नाही, कारण त्याचे यंत्र आणि माणूस तिथे नसतो.

दुसरी अट अशी की दुसरे ऑपरेशन स्वतःच्या बळावर गरजेचे हवे. लहान मुलाच्या बेंबीचा हर्निया हे ठळक उदाहरण. तो बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. दोन वर्षांच्या मुलाचे दुसरे काहीतरी होतेच आहे म्हणून बेंबीलाही टाके घालणे म्हणजे न लागणारे ऑपरेशन करणे.

कोणत्या जोड्या जमतात

अडेनॉइड (नाकामागची वाढलेली गाठ) काढणे आणि कानात ग्रोमेट (पडद्यातली छोटी नळी) बसवणे ही जोडी इतकी रुळलेली आहे की तिला दोन ऑपरेशने कोणी म्हणतही नाही. सर्जन एकच, भाग जवळचा आणि आजाराचे मूळही बऱ्याचदा एकच. जांघेतला हर्निया आणि त्याच बाजूचे हायड्रोसील (वृषणाभोवती साचलेले पाणी), मुलाचा हर्निया आणि खाली न उतरलेले वृषण, दुर्बिणीतून गर्भाशय आतून पाहणे आणि त्याच बैठकीत पोटातून लॅपरोस्कोपी (छोट्या भोकातून दुर्बीण घालून पाहणे), याही जोड्या सहज बसतात. पित्ताशय लॅपरोस्कोपने काढायचे असेल आणि बेंबीला छोटा हर्निया असेल, तर दुर्बीण बहुधा बेंबीपाशीच घालतात. जाताना ते भोक टाक्यांनी नीट शिवले की दुसरे काम झालेच.

जमत नाहीत त्या जोड्यांमागची कारणे मात्र नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण 'नाही' म्हणताना डॉक्टर ती नेहमी सविस्तर सांगतात असे नाही.

पहिले कारण जंतू. सर्जन जखमांचे चार वर्ग करतात : स्वच्छ, काहीशी दूषित, दूषित आणि पू झालेली. हर्नियाची जखम स्वच्छ वर्गातली, आणि त्यात बहुधा कृत्रिम जाळी बसवतात. भगंदर, गळू, केसांचा नासूर ही दुसऱ्या टोकाची कामे. जाळीवर जंतू एकदा बसले की ते स्वतःभोवती चिकट थर तयार करतात, त्यात अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही, आणि शेवटी जाळीच काढायची वेळ येऊ शकते. म्हणून जाळी आणि पू एका दिवशी नाही. याच कारणाने पायाच्या अंगठ्याचे पिकलेले नख किंवा मांडीवरचे साधे गळूही जाळीच्या ऑपरेशनाआधी सर्जनला दाखवावे. वरवर त्याचा संबंध दिसत नाही, पण तारीख पुढे ढकलली जाऊ शकते.

दुसरे कारण श्वासाची नळी. दातांच्या मोठ्या कामात नळी नाकातून असेल तर तोंड मोकळे राहते. नाकाचा पडदा सरळ करणाऱ्याला ती तोंडातूनच हवी असते. मध्येच नळी बदलणे शक्य आहे, पण रक्त साचलेल्या घशात ते काम कोणताही भूलतज्ज्ञ आनंदाने करत नाही. अक्कलदाढेपुरते असेल तर तोंडातली नळी एका बाजूला सरकवून निभावते, म्हणून ही जोडी सरसकट बाद नाही. मात्र नंतरच्या रात्रीचा विचार आधीच करा : नाकात पॅकिंग असले की श्वास तोंडाने घ्यायचा, आणि ते तोंड सुजलेले, टाके घातलेले.

तिसरे कारण शरीराची स्थिती. एक काम उताणे झोपवून आणि दुसरे पालथे झोपवून करायचे असेल तर झोपलेल्या माणसाला नळीसकट उलटावे लागते. त्याला जास्त माणसे लागतात, नळी सरकू शकते, डोळे आणि कोपरे दाबले जातात. होत नाही असे नाही, पण दोन छोट्या कामांसाठी हा खटाटोप कितपत परवडतो ते भूलतज्ज्ञाने ठरवायचे.

चौथे कारण थिएटरात कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ते घरी गेल्यावर उघडे पडते. दोन्ही मनगटांचे ऑपरेशन एकदम केले तर पहिले काही दिवस जेवणे आणि शौचाला जाणे दुसऱ्याच्या हातात. पाय आणि हात एकाच वेळी केले तर कुबड्या धरायच्या कशाने? मूळव्याध आणि हर्निया एकत्र असले तर जिथे जोर करायचा नाही तिथेच कुंथण्याची वेळ येते, शिवाय लघवी अडण्याची शक्यता दोन्हीकडून वाढते. तारीख मागण्याआधी कागदावर दोन रकाने करा : ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात कोणत्या कुशीवर झोपायचे, काय उचलायचे नाही, काय ओले करायचे नाही. दोन्ही रकाने एकमेकांना छेद देत असतील तर ऑपरेशने वेगळी ठेवलेली बरी.

वेळेचा हिशोब

तीस मिनिटांची दोन ऑपरेशने मिळून एक तास होत नाही. झोपवायला आणि उठवायला मिळून अर्धा तास धरा. मधे निर्जंतुक कपडे बदलणे, दुसऱ्या कामाची हत्यारे मांडणे, जागा पुन्हा स्वच्छ करणे यात पंधरा ते तीस मिनिटे जातात. म्हणजे पावणेदोन ते दोन तास. दुसरा सर्जन दुसरीकडच्या केसमध्ये अडकला तर पेशंट नुसताच झोपून राहतो, आणि हे प्रत्यक्षात होते. म्हणून दोघांनीही तो वेळ राखून ठेवला आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारणे आगाऊपणाचे नाही.

वेळ लांबली की अंग गार पडते. शरीराचे तापमान ३६ अंशांखाली गेले तर रक्त नीट गोठत नाही आणि जखमेत जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. उलट्या वाढतात. मोठ्या माणसांत पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. सकाळी येऊन संध्याकाळी घरी जायचा बेत एका रात्रीच्या मुक्कामावर जाऊ शकतो, तेव्हा तशी तयारी ठेवावी.

तीन वर्षांखालच्या मुलांबाबत आणखी एक मुद्दा आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला की या वयात वारंवार किंवा ३ तासांहून लांबलेली भूल मेंदूच्या वाढीवर परिणाम करू शकते. त्यानंतर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, तान्हेपणी एकदाच आणि तासाभराहून कमी पूर्ण भूल मिळालेली मुले पाचव्या वर्षी पाहिली, तेव्हा जागेपणी भाग बधिर करून ऑपरेशन झालेल्या मुलांच्या तुलनेत फरक दिसला नाही. यातून कामाचे एवढेच घ्यायचे : दोन भुलींची एक होत असेल आणि एकूण वेळ ३ तासांच्या बराच आत राहत असेल, तर एकत्र करण्याच्या बाजूने पारडे जड होते.

प्रत्यक्ष पायऱ्या

पहिली पायरी, मुख्य डॉक्टर ठरवणे. ज्या ऑपरेशनला थांबता येणार नाही त्याचा सर्जन मुख्य. पेशंट त्याच्या नावावर दाखल होतो, रात्री फोन त्यालाच जातो. 'दोघेही बघतील' याचा अर्थ व्यवहारात कोणीच बघत नाही असा होतो.

दुसरी पायरी, लेखी निरोप. दुसऱ्या सर्जनकडून एका पानावर चार गोष्टी लिहून घ्या : ऑपरेशनचे नाव आणि बाजू (डावी की उजवी), किती वेळ, पेशंट कोणत्या स्थितीत हवा, आणि खास सामान काय लागेल. शेवटचा मुद्दा फार अडवतो. ग्रोमेटला मायक्रोस्कोप लागतो, दाताला ड्रिल आणि सक्शन, आणि ते प्रत्येक थिएटरात नसते. पान मुख्य सर्जनला द्या, एक प्रत भूलतज्ज्ञाला. विमा असेल तर पूर्वमंजुरीच्या अर्जात दोन्ही ऑपरेशनांची नावे आहेत का ते स्वतः पाहा. एकच लिहिले असेल तर दुसऱ्याचे बिल अडते, आणि ते कळते डिस्चार्जच्या वेळी.

तिसरी पायरी, भूलतज्ज्ञाची भेट. ही ऑपरेशनच्या सकाळी उरकू देऊ नका, काही दिवस आधी मागा. अंतिम होकार त्यांचा असतो. त्यांना दोन्ही ऑपरेशनांची नावे तुमच्या तोंडून सांगा, कारण फॉर्मवर बऱ्याचदा एकच लिहिलेले असते. आधीच्या भुलीत काय त्रास झाला, घरात कोणाला भुलीची विचित्र प्रतिक्रिया आली का, घोरणे, हलणारा दात, आणि सगळी औषधे सांगा. तीन औषधांचा खास उल्लेख करा : रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या ज्या गोळ्यांनी साखर लघवीवाटे जाते त्या, कारण यांतल्या बहुतेक ३ दिवस आधी बंद कराव्या लागतात, आणि वजन किंवा साखर कमी करण्यासाठी घेतलेली सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने, ज्यांनी जठर उशिरा रिकामे होते. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी थांबवायची, किंवा थांबवायचीच का, यावर दोन सर्जनांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. मग ज्याने गोळी लिहिली त्या डॉक्टरलाही संभाषणात ओढा आणि एकच लेखी सूचना घ्या.

मुलाला सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. सर्दीनंतर काही आठवडे श्वासनळी चिडलेली राहते आणि घशाची आकडी येण्याची शक्यता जास्त असते. साधारण २ ते ४ आठवडे थांबायला सांगतात.

चौथी पायरी, क्रम आणि थांबण्याचा नियम. स्वच्छ काम आधी, तोंड-नाक-गुदद्वाराचे नंतर. दोन्ही सारखीच स्वच्छ असतील तर महत्त्वाचे आधी, म्हणजे मध्येच थांबावे लागले तर निदान ते झालेले असते. आणि थांबावे लागू शकते, हे गृहीत धरा. पहिले काम अपेक्षेपेक्षा फार लांबले, रक्तदाब स्थिर राहिना, तर दुसरे सोडून देण्याचा अधिकार भूलतज्ज्ञाला आहे, हे आधीच बोलून ठेवा. उलटेही विचारून घ्या : त्या सकाळी एक ऑपरेशन रद्द झाले तर दुसरे करायचे का? एकट्या दुसऱ्यासाठी पूर्ण भूल घेणे तुम्हाला मान्य नसेल तर ते आधीच सांगावे लागते.

पाचवी पायरी, संमतीपत्र. दोन ऑपरेशनांची दोन, भुलीचे तिसरे. 'आणि इतर आवश्यक ते' अशा मोघम ओळीत दुसरे ऑपरेशन बसवू नये. पेशंट झोपल्यावर, जीव धोक्यात नसताना, नवीन ऑपरेशनची संमती नातेवाइकांकडून दारात घेणे योग्य नाही. शुद्धीत असलेल्या प्रौढ माणसाचा निर्णय त्याचाच. दोन्ही जागांवर मार्करने खूण जागेपणीच करून घ्या.

सहावी पायरी, उपास. तळलेले किंवा जड जेवण ८ तास आधी बंद, हलके खाणे आणि गाईचे किंवा पावडरचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास, पाणी किंवा गाळलेला स्वच्छ रस २ तास. मोजायचे ते पहिल्या ऑपरेशनच्या वेळेपासून. 'रात्री बारानंतर पाणीही नाही' ही जुनी सूचना मिळाली आणि नंबर दुपारचा असेल, तर पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते पुन्हा विचारा. तहानलेले, कोरडे पडलेले मूल शीर मिळायलाही त्रास देते.

थिएटरात घोळ कुठे होतो

इथे पेशंट झोपलेला असतो, तरी हे माहीत असावे, कारण आदल्या दिवशी विचारलेला एक प्रश्न पुष्कळ काम करतो.

सर्वांत बेमालूम चूक जागेवर टोचायच्या बधिरतेच्या औषधात होते. उठल्यावर दुखू नये म्हणून प्रत्येक सर्जन आपल्या जखमेत ते टोचतो. बुपिव्हाकेन या नेहमीच्या औषधाची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे २ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्क्याचे २४ मिलिलिटर, आणि हा आकडा संपूर्ण शरीराचा आहे, एका जखमेचा नाही. एकाने १५ आणि दुसऱ्याने १५ मिलिलिटर टोचले तर दोघेही आपापल्या परीने बरोबर, आणि पेशंटला १५० मिलिग्रॅम गेलेले. दाताच्या डॉक्टरांचा हिशोब तर कार्ट्रिजमध्ये, म्हणजे औषधाने भरलेल्या छोट्या तयार नळ्यांत, चालतो. २ टक्के लिग्नोकेन या बधिरतेच्या औषधाच्या १.८ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम असतात. तीन झाल्या की १०८. १५ किलोच्या मुलाचा कोटा त्याआधीच संपतो, आणि औषध वेगळे असले तरी विषारीपणा बेरजेनेच वाढतो, त्यामुळे पाठोपाठच्या सर्जनने बुपिव्हाकेन टोचायला जागाच उरत नाही. जागा माणूस ओठांना मुंग्या आल्या, कानात आवाज येतोय असे सांगतो. झोपलेला काहीच सांगत नाही, थेट हृदयाचे ठोके बिघडतात. उपाय साधा आहे : एकूण किती देता येईल ते सुरुवातीलाच फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येक वेळी वजा करत जायचे. भूलतज्ज्ञाला विचारा, "दोघांच्या औषधाची बेरीज कोण ठेवणार?" उत्तर लगेच आले तर निर्धास्त राहा.

दुसरी चूक घशातल्या पॅकची. तोंड-नाकाच्या कामात रक्त खाली उतरू नये म्हणून घशात गॉजची पट्टी ठेवतात. पहिला सर्जन काम संपवून गेला आणि दुसऱ्याचे काम पायाचे असेल, तर ती पट्टी आठवायला कोणी उरत नाही. नळी निघाल्यावर ती श्वास अडवते. म्हणून पट्टीचे टोक तोंडाबाहेर ठेवतात, फळ्यावर नोंद करतात, कपाळावर चिठ्ठी चिकटवतात.

जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची सुरक्षा-यादी बहुतेक थिएटरांत वापरतात : भुलीआधी, चिरेआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबून तपासणे. ऑपरेशने दोन आणि सर्जन वेगळे असतील तर चिरेआधीचे थांबणे दुसऱ्यांदाही व्हायला हवे. नाव, बाजू, ऑपरेशन, सगळे पुन्हा मोठ्याने. गॉज आणि सुयांची मोजणीही प्रत्येक कामाची वेगळी.

घरी जाताना

दोन सर्जन, दोन चिठ्ठ्या. दोन्हीवर पॅरासिटामॉल असते, एकावर कंपनीच्या नावाने आणि दुसऱ्यावर आणखी कशात तरी मिसळलेले. मोठ्या माणसाने दिवसात ४ ग्रॅमच्या वर जायचे नाही, मुलांना एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम. एकीकडे आयब्युप्रोफेन आणि दुसरीकडे डायक्लोफेनॅक हेही तितकेच वाईट. दोन्ही एकाच जातीची, जठर आणि मूत्रपिंडाला दुप्पट मार. अँटिबायोटिक्स दोन लिहिली असतील तर तेही विचारा. डिस्चार्जआधी दोन्ही चिठ्ठ्या मुख्य सर्जनपुढे ठेवून एकच करून घ्या, वेळा लिहून.

पहिले २४ तास सोबत जाणते माणूस हवे. त्या वेळात गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. विश्रांतीचे दिवस दोन्हींतले जास्तीचे धरायचे, बेरीज करायची नाही. ताप आला, ड्रेसिंग भिजले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, तर फोन कोणाला, ते नाव आणि नंबर कागदावर घ्या. टाके काढण्याच्या तारखा वेगळ्या पडत असतील तर एका फेरीत बसवता येतात का विचारा, बहुधा येतात.

आणि दोन्ही ऑपरेशनांत काही ना काही काढून तपासायला पाठवले असेल, तर बाटल्या दोन, लेबले दोन, रिपोर्टही दोन. पहिला आला की दुसरा विसरला जातो, विशेषतः त्याचा सर्जन पाहुणा म्हणून आलेला असेल तेव्हा. डिस्चार्ज कार्डावर दोन्ही नमुन्यांचे क्रमांक लिहून घ्या आणि दुसरा हातात पडेपर्यंत विचारत राहा.